बुद्धिबळात मोठ्या रेटिंगवाल्यानं ड्रॉ विचारला तर पोरानं घ्यावा का?

विश्रामबागवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली कारण घरात परवापासून बायको एका बाजूला, मी एका बाजूला आणि मधे चिरंजीव असा प्रकार चाललाय.
तर झालं असं. चिरंजीव वय ११, फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग १४९०. गेल्या रविवारी सांगलीतच एका रेटिंग स्पर्धेत चौथ्या फेरीला त्याचं पेअरिंग आलं १८९० वाल्या एका काकांशी. पन्नाशीचे असतील, शांत माणूस. म्हणजे बरोब्बर ४०० चा फरक. मी बायकोला म्हटलं तासाभरात येईल बाहेर, तोवर चहा घेऊन येऊ. चहा झाला, भडंग झाली, दीड तास झाला, पोरगं आत. बाकीची पोरं बाहेर येऊन सांगायला लागली की काका तुमचा एक प्याद्यानं वर आहे. माझ्या पोटात गोळा.
शेवटी साडेतीन तासांनी आला, म्हणाला ड्रॉ. काकांनी विचारला, यानं घेतला. पटावर याचा राजा ई५ वर, प्यादं ई४ वर आणि काकांचा फक्त राजा ई७ वर. बाकी सगळा पट रिकामा. घड्याळात याला १२ मिनिटं आणि काकांना दीड.
माझं म्हणणं, एक प्यादं जास्त, वेळ जास्त, मग घाई कसली? बायकोचं म्हणणं, ४०० नं मोठ्या माणसाशी बरोबरी केली, पेढे वाटायचे सोडून तोंड काय पाडता. तुम्ही सांगा, कोण बरोबर?

भडंगप्रेमी
वहिनी बरोबर. विषय संपला. भडंग कुठली होती ते सांगा.

मिरजेची_माई
अहो साडेतीन तास ११ वर्षांचं लेकरू एका जागी बसलं, आमचं तीन मिनिटं बसत नाही. त्याला जवळ घ्या आणि पट ठेवून द्या चार दिवस.

उंटावरचा_शहाणा
दादा तुम्ही म्हणताय ती पोझिशन मी पटावर लावली. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७, आणि चाल तुमच्या पोराची. असं असेल तर हा डाव बरोबरीचाच आहे, दोन दिवस खेळला असता तरी. दोन राजे समोरासमोर, मधे एक घर मोकळं, याला ओपोझिशन म्हणतात, आणि अशा वेळी ज्याची चाल त्याला हटावं लागतं. तुमचा राजा डी५ वर गेला की काका डी७ वर येणार. मग प्यादं ई५, राजा परत ई७. प्यादं ई६, आता राजा सरळ मागे ई८, इथं डी८ वर गेला तर मेला. राजा डी६, राजा डी८, प्यादं ई७ शह, राजा ई८, आणि आता ई६ वर राजा आणला की काळ्याला चालच नाही, स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. नाही आणला तर प्यादं गेलं.
१८९० वाल्याला हे झोपेत येतं. म्हणजे पोरानं काही गमावलं नाही. वहिनींची माफी मागा.

विश्रामबागवाला
बरं वाटलं वाचून. आणि नाहीही वाटलं. बायकोला दाखवलं नाही अजून.

अडीच_घर
बायकोसमोर ज्याची चाल त्याला हटावं लागतं, हे खरं ओपोझिशन 😂

आकडेमोड
रेटिंगचा हिशोब कुणी मांडला नाही म्हणून मांडतो. ४०० चा फरक म्हणजे फिडेच्या तक्त्यात मोठ्याकडून ०.९२ गुणांची अपेक्षा आणि छोट्याकडून ०.०८. १८ वर्षांखालच्या पोरांना के म्हणजे गुणक, एका डावानं रेटिंग किती हलणार ते ठरवणारा आकडा, ४० असतो. ड्रॉ केल्यावर ०.५ वजा ०.०८ म्हणजे ०.४२, गुणिले ४० म्हणजे १६.८ वाढले. जिंकला असता तर ३६.८. काकांचा गुणक २० धरला तर ड्रॉमध्ये त्यांचे ८.४ गेले, हरले असते तर १८.४ गेले असते. म्हणजे काकांनी एका शब्दात दहा पॉइंट वाचवले. पोझिशन बरोबरीची असेल तर ठीकच आहे म्हणा.

कंदीपेढा
साताऱ्याहून राम राम. पेढे वाटायचा विषय निघाला म्हणून आलो, बघतो तर बुद्धिबळ.
आमच्याकडं आजोबा पारावर खेळायचे ते जुन्या पद्धतीचं. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर, राजाला शह मिळायच्या आत एकदा घोड्याची चाल मारायला परवानगी, आणि प्यादं ज्या पट्टीत वर पोचेल त्या पट्टीतलंच मोहरं व्हायचं, हत्तीच्या पट्टीत हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट. आणि सगळ्यात मोठा मान प्यादेमात दिली की. वजिरानं मात केली तर समोरचा म्हणायचा, हॅ, त्यात काय. प्याद्यानं केली की पारावरची सगळी माणसं उठून बघायला यायची आणि हरलेला दोन दिवस फिरकायचा नाही. मी शाळेत जाऊन आंतरराष्ट्रीय नियम शिकलो आणि आजोबांना सांगितलं की प्यादं दोन घरं जातं, तर म्हणाले तुमच्या मास्तरांना घाई असेल, आम्हाला नाही.
रेटिंगबिटिंग काही नव्हतं. पण कोण किती पाण्यात आहे ते सगळ्या गावाला माहीत असायचं आणि मोठा खेळणारा लहानाशी खेळताना वजीर उचलून बाजूला ठेवायचा. आता तसलं कोण करतंय.

अठराशेपार
मी काकांच्या बाजूनं लिहितो, कारण या धाग्यात त्यांच्या खुर्चीत बसलेला बहुतेक मी एकटाच आहे. माझं रेटिंग १८०० च्या वर, वय ४६, नोकरी सांभाळून वर्षाला चारपाच स्पर्धा.
तुम्हा पालकांना वाटतं ४०० चा फरक म्हणजे आम्हाला मेजवानी. अहो पेअरिंगच्या कागदावर समोर चौदाशेचं नाव आणि जन्मसाल २०१४ दिसलं की आमच्या पोटात कालवतं. कारण ते चौदाशे सहा महिन्यांपूर्वीचे असतात. पोरगं रोज तीन तास कोचकडं, वर मोबाईलवर हजार डाव, आणि आम्ही ऑफिसातून येऊन पंधरा वर्षांपूर्वीचीच ओपनिंग खेळणार. २०२४ च्या मार्चमध्ये फिडेनं खालची रेटिंगं वर ओढली, किमान रेटिंग १००० चं १४०० केलं, तेव्हा वाटलं जरा बरं होईल. थोडं झालंही. पण पोरं तरी वाढायची थांबत नाहीत ना.
स्विस पद्धतीत, म्हणजे कुणी बाद होत नाही आणि गुणांप्रमाणे जोड्या लागतात त्यात, पहिल्या फेरीला रेटिंगच्या यादीतल्या वरच्या अर्ध्यातला खालच्या अर्ध्यातल्याशी खेळतो, त्यामुळं दर स्पर्धेला पहिला घास असाच. समोर पाय जमिनीला न टेकणारं लेकरू. ते चाल करतं, उठतं, पाणी पितं, मित्राच्या बोर्डवर जाऊन येतं, आणि तुम्ही डोकं धरून बसलेले. मागून कुणीतरी कुजबुजतं, अरे याला काय झालं आज.
एकदा मिरजेत एका मुलीशी मी पूर्ण हरलेल्या डावात ड्रॉ विचारला. होय, विचारला. नियमात बसतं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिचा डबा मागितला, आणि मान हलवून पुढची चाल केली. पाच चालींत संपलो. आज ती माझ्यापेक्षा दीडशे पॉइंटनं पुढं आहे आणि भेटली की काका म्हणून वाकून नमस्कार करते. तो नमस्कार लई लागतो.

मिरजेची_माई
तिनं डबा दिला नाही हे चांगलंच केलं 🙂

कृष्णाकाठचा
सांगलीत बसून ही चर्चा चालली आहे आणि भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणजे कमाल झाली. त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं या गावात किती पोरापोरींना पटासमोर बसवलं. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढं ठिपसे, इथल्याच, पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या आणि १९९१ ला आशियाई विजेत्या. स्वाती घाटे इथलीच, महिला ग्रँडमास्टर. या पोरी लहानपणी कुणाशी खेळल्या असतील? स्वतःपेक्षा तगड्या मोठ्या माणसांशीच ना. समोरच्यानं ड्रॉ विचारला की हुरळून घेत बसल्या असत्या तर झालं असतं.
म्हणून माझं मत, पोझिशन कुठलीही असो, ११ व्या वर्षी ड्रॉ घ्यायचाच नाही. खेळायचं. हरलं तर हरलं.

दोन_पोरांची_आई
@कृष्णाकाठचा तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा. हरलं तर हरलं म्हणायला सोपं जातं, घरी आणताना गाडीत मागं बसून जे मुसमुसतं ते आम्ही ऐकतो. माझ्या थोरल्याला एका स्पर्धेत असाच ड्रॉ मिळत होता, मीच आदल्या रात्री सांगितलेलं की ड्रॉ घेऊन आलास तर याद राख. नाही घेतला, हरला. त्यानंतर वर्षभर पटाला हात लावला नाही. आता फुटबॉल खेळतो, सुखी आहे. धाकटीला मी काहीच सांगत नाही, हॉलच्या गेटपासून लांब बसते आणि विणकाम करते. बाकीचे बाबालोक खिडकीच्या फटीतून बघत असतात, एकानं तर मागच्या वेळी दुर्बीण आणलेली, खोटं सांगत नाही.

भडंगप्रेमी
दुर्बीणवाले तुम्हीच ना हो विश्रामबाग? पटावरची सगळी घरं पाठ आहेत तुम्हाला.

विश्रामबागवाला
नाही हो. मला पोरानं सांगितलं तेच लिहिलं. मी गेटबाहेरच होतो. दुर्बीण आणायची आयडिया मात्र चांगली आहे.

अडीच_घर
मोठ्यांचं उदाहरण देतो. २००४, रिक्याविक, रॅपिड स्पर्धा. एका बाजूला गॅरी कास्पारोव्ह, जगात एक नंबर, दुसऱ्या बाजूला १३ वर्षांचा मॅग्नस कार्लसन. पहिल्या डावात पोरानं कास्पारोव्हला असं दाबलं की जिंकायची संधी होती, शेवटी बरोबरी झाली. दुसरा डाव कास्पारोव्हनं जिंकला. त्या पहिल्या डावाचं पुढं पोराला काही वाईट वाटत राहिलं असेल का माहीत नाही, पण त्याचं काही अडलं नाही हे आपण बघतोच.
आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, २०२५ च्या विश्वचषकात बाटुमीला तिला १५ वं मानांकन होतं. फायनलला कोनेरू हंपीला हरवलं आणि ग्रँडमास्टर होऊनच परत आली, त्याआधी तिच्याकडं ग्रँडमास्टरचा एक नॉर्मसुद्धा, म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी, नव्हता. म्हणजे कागदावरचे आकडे एवढे मनावर घेऊ नयेत.

कृष्णाकाठचा
म्हणजे मी म्हणतो तेच. खेळायचं.

दोन_पोरांची_आई
तुम्ही या आणि खेळा. पोरांच्या जिवावर शौर्य नको.

माजी_पंच
उशिरा येतोय, क्षमस्व. वीसेक वर्षं स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहिलोय, पायाच्या नसा त्याची साक्ष देतात. दोनतीन गोष्टी.
एक. ड्रॉ विचारायची पद्धत अशी की आधी आपली चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. समोरच्याच्या वेळेत विचारत बसायचं नाही. आणि एकदा विचारला की समोरचा तोंडानं नाही म्हणेपर्यंत किंवा खेळायच्या हेतूनं मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो प्रस्ताव उभा राहतो. त्यामुळं मी पोरांना नेहमी सांगायचो, विचारला तर बोलू नका, लाजू नका, आरामात विचार करा, तुमचं घड्याळ तुमचं आहे.
दोन. इथंच मला जरा खटकतंय. विश्रामबागवाले म्हणतात काळा राजा ई७ वर आणि चाल पोराची. म्हणजे काकांनी शेवटची चाल राजा ई७ अशी करून ड्रॉ विचारला असणार. असेलही. पण पोरं पोझिशन सांगताना एक चाल मागची सांगतात, हा माझा अनुभव आहे. आपल्या चालीनंतर पट कसा दिसला ते त्यांच्या डोळ्यात राहतं.
तीन. ड्रॉ विचारला की दोघांनीही आपल्या चालीच्या कागदावर त्या चालीपाशी बरोबरचं चिन्ह करायचं असतं, दोन आडव्या रेघा. नव्वद टक्के खेळाडू करत नाहीत, पण करायचं असतं. पोराकडं कार्बन कॉपी असेलच. काढा आणि शेवटच्या दोन ओळी इथं टाका.

उंटावरचा_शहाणा
पंचसाहेब पॉइंट आहे. चाल काळ्याची असेल तर अख्खं चित्र उलटतं, मग हटावं काकांना लागतं. मी सगळा हिशोब चाल पांढऱ्याची धरून केला होता.

कंदीपेढा
धागा आता कुठं रंगात आलाय. थांबा चहा टाकतो.

विश्रामबागवाला
कॉपी शोधायला अर्धा तास गेला. दप्तरात नव्हती. भडंगच्या रिकाम्या पुडीत घडी करून ठेवलेली, त्यामुळं अर्धी तेलकट आणि कार्बनची अक्षरं पसरलेली. डोळ्यांना चष्मा, हातात बॅटरी अशी वाचली.
५७ वी चाल, पांढरा: राजा ई५. काळा: राजा डी७. त्याच्यापुढं काही नाही. बरोबरचं चिन्ह नाही. खाली अर्धा-अर्धा लिहून दोघांच्या सह्या. चिरंजीवांनी सही मराठीत केली आहे, आडनावासकट, जागा पुरली नाही म्हणून वर चढवलेली.
म्हणजे काळा राजा ई७ वर नव्हता, डी७ वर होता. आता?

उंटावरचा_शहाणा
आता मी माझी आधीची पोस्ट गिळतो. वहिनींची माफी मागायचं राहिलं असेल तर थांबा.
काळा राजा डी७, पांढरा राजा ई५, प्यादं ई४, चाल पांढऱ्याची. राजा एफ६! बस. आता काळा राजा डी६ वर आला तर प्यादं ई५ शह, आणि ते पुढं सुटलं. राजा ई८ वर गेला तर राजा ई६, आणि आता पांढरा राजा सहाव्या रांगेत आपल्या प्याद्याच्या पुढं उभा आहे. अशा जागी चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो, फक्त कडेचं प्यादं नको. काळा डी८, पांढरा एफ७, आणि मग ई५, ई६, ई७, ई८, वजीर. काळ्याला काही करता येत नाही.
म्हणजे राजा ई५ करून पोरानं ५७ व्या चालीला समोरासमोरची जागा बरोबर पकडली होती. काकांना हटावं लागलं, ते डी७ वर हटले आणि हटता हटता ड्रॉ विचारला. हरलेल्या डावात.
२०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला चौदाव्या डावात डिंग लिरेन हत्ती बदलून बसला आणि शेवटी राजा-प्याद्याचा डाव उरला तो हरलेला, गुकेश जगज्जेता झाला. हत्ती, उंट गेल्यावर पट सोपा दिसतो आणि तिथंच एका घराचा फरक मारतो. डिंगला मारलं, मग आपल्या चिरंजीवाचं काय घेऊन बसलात.

आकडेमोड
म्हणजे काकांनी वाचवलेले दहा पॉइंट अस्सल निघाले. आणि पोराचे वीस गेले.

कृष्णाकाठचा
मी पहिल्यापासून सांगत होतो.

दोन_पोरांची_आई
तुम्ही पोझिशन न बघता सांगत होतात. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं.

अठराशेपार
मला आता अवघडल्यासारखं झालंय. दीड मिनिट घड्याळात आणि राजा डी७ ला हटवताना त्या काकांना पक्कं माहीत होतं. मला माहीत असतं. तरी मी त्यांना लबाड म्हणणार नाही, एकदा विचारणं हा खेळाचाच भाग आहे, दर चालीला विचारून त्रास दिला असता तर पंचांनी झापलं असतं. पण चिन्ह नसणं विचित्र वाटतंय. पोराला नीट विचारा, नक्की काय शब्द वापरले काकांनी.

विश्रामबागवाला
विचारलं. आज संध्याकाळी, रागावून नाही, गणपती मंदिरातून येताना गाडीवर पुढं बसवून. आधी काही बोलेना. मग म्हणाला, बाबा, काकांनी राजा सरकवला आणि हात पुढं केला. काहीतरी बोलले पण डोक्यावर पंखा घरघरत होता. मला वाटलं ते हरले म्हणून हात देताहेत. मी हात दिला.
मग म्हणे काकांनी कागदावर अर्धा-अर्धा लिहिलं, तेव्हा कळलं. मग बोललास का नाही? तर म्हणाला, ते मोठे आहेत ना. आणि मला वाटलं माझंच चुकलं असेल.
एफ६ विचारला तर म्हणाला हो, तेच करणार होतो, मग ई६ ला यायचं, सरांनी शिकवलंय. आरामात सांगितलं, जणू डाव चालूच आहे.
मी गाडी बाजूला घेतली आयर्विन पुलाच्या अलीकडं आणि दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. पंचसाहेब, आता काही करता येतं का?

माजी_पंच
नाही. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या की निकाल चुकीचा असला तरी तोच राहतो, पंचांनी स्वतः वेगळं ठरवलं तरच बदलतो, आणि ते त्याच वेळी तिथं उभं राहून सांगावं लागतं. स्पर्धा संपली, रेटिंगला आकडे गेले.
पण पोराला तीन वाक्यं शिकवा, पाठच करून घ्या. पहिलं, कुणी हात पुढं केला तर आपला हात खाली ठेवून विचारायचं, काका, तुम्ही हरलात की ड्रॉ विचारताय. दुसरं, घड्याळ थांबवून हात वर करून पंचांना बोलवायचं. तिसरं, निकाल वाचल्याशिवाय सही करायची नाही. मोठा असो, कुणीही असो. कित्येक पोरांचे अर्धे गुण असे हातात हात देऊन गेलेले मी बघितलेत, आणि दोनदा तर उलटं, मोठ्या माणसानं ड्रॉ समजून हात दिला आणि पोरानं एक-शून्य लिहून टाकलं.

मिरजेची_माई
वहिनींना कळलं का?

विश्रामबागवाला
कळलं. ती म्हणाली, म्हणजे जिंकलाच की. आणि खरोखरच पेढे आणले. मी खाल्ले दोन.
पुढच्या महिन्यात परत स्पर्धा आहे, एंट्री लिस्टमध्ये काकांचं नाव बघितलं, आहे. चिरंजीवांना सांगितलं नाही. त्यानं स्वतःच बघितलं बहुतेक, कारण काल रात्री आरशासमोर उभा राहून हात मागं घेत म्हणत होता, काका, तुम्ही हरलात की ड्रॉ विचारताय.

अठराशेपार
त्या स्पर्धेला मीही नाव दिलंय. देवा, पेअरिंग दुसऱ्या कुणाशी येऊ दे.

अडीच_घर
आणि आम्हाला ई७ सांगून दोन दिवस झुंजवलंत त्याची भडंग तुमच्याकडून.

भडंगप्रेमी
मी पहिल्याच पोस्टला विचारलेलं, कुठली होती. अजून उत्तर नाही.